रस्त्यावरच्या फोटोंसाठी छोटा सेकंड कॅमेरा घेताय? या चुका टाळा (मी पैसे घालवून केल्यात)

महाद्वार रोडवर डीएसएलआरला ७०-२०० ची लांब झूम लेन्स लावून उभं राहिलं की काय होतं ते ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. बाकी शहरांत म्हणे लोक कॅमेरा बघून तोंड फिरवतात, आमच्या कोल्हापुरात उलटं असतंय, लोक थांबतात. फुलांच्या टोपलीमागची मावशी पदर सारखा करते, चप्पल लाइनमधला पोरगा केसांतनं हात फिरवतो, आणि मागनं कोणीतरी विचारतोच, "कुठल्या पेपरला येणार भावा?" तोपर्यंत ज्या क्षणासाठी आपण अर्धा तास थांबलेलो तो गेलेला असतो आणि समोर उरतात ते छाती काढून उभे राहिलेले चार जण. त्यांचा काय दोष नाही म्हणा, ज्या गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेराच घरी बनवला आणि ज्या गावानं खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा केलाय, तिथं कॅमेऱ्याला मान मिळणारच. पण मान मिळाला की फोटो जातो.

म्हणून मग माणूस छोट्या कॅमेऱ्याकडं वळतो. मी सहा वर्षांत तीन घेतले, एक तोट्यात विकला, एक बिघडून कपाटात पडलाय, आता एक आहे तो बरा चाललाय. या तीन कॅमेऱ्यांच्या शिकवणीची फी मी भरलीय, तुम्ही भरू नका, एवढ्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात महाग चूक: दुसऱ्या कॅमेऱ्याला पहिल्याचंच काम सांगणं

दुकानात गेलो की आपला हिशोब कसा असतो, एवढे पैसे घालतोय तर झूमपण पाहिजे, व्हिडिओपण पाहिजे, उद्या भाच्याच्या बारशाला पण चालला पाहिजे. मी असाच २४ ते २०० झूमचा, एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) खिशातला कॅमेरा घेतला. कागदावर नाद खुळा. आता "एक इंची" हे नावच फसवं आहे, तो सेन्सर खरा १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच असतो, बऱ्याच डीएसएलआरमधला एपीएस-सी मापाचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ असतो म्हणजे जवळजवळ तिप्पट क्षेत्रफळाचा. दिवसा फरक कळत नाही. पण आपल्याकडं रस्ता रंगात येतो तो दिवेलागणीला, गंगावेशीत म्हशी येऊन दूध कट्ट्यावर धार काढायला सुरुवात झाली की खरी मजा, आणि नेमकं त्याच वेळी हा गडी झूम केला की अपर्चर (प्रकाश आत यायचं भोक) बारीक करून बसायचा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढायचा आणि फोटोत सगळं रव्यासारखं दाणेदार.

तेही चाललं असतं, पण लेन्स बाहेर येण्याचा प्रकार वेगळाच. बटण दाबा, मोटर घुर्र करणार, लेन्स दोन टप्प्यांत बाहेर येणार, मग फोकस. तोपर्यंत समोरचा माणूस आपल्याकडं बघून हसतोय. आणि चैत्रात जोतिबाला यात्रेला तो घेऊन गेलो हा तर शुद्ध मूर्खपणा. गुलालाची पूड किती बारीक असते ते घरी आल्यावर दोन दिवस नाकातनं कळतंच, तशीच ती लेन्सच्या नळीच्या फटीतनं आत गेली, कारण अशी लेन्स आतबाहेर होताना पिचकारीसारखी हवा ओढते आणि हवेबरोबर जे असेल ते. वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरनं खाली येईपर्यंत लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी गुलालानं गुलाबी झालेला कॅमेरा तसाच कपाटात ठेवलाय. कंपनीचं नाव घेत नाही, दोष तिचा नव्हता. यात्रेला, रंगपंचमीला न्यायचाच असेल तर साध्या झिप पिशवीत घालून लेन्सपुरतं भोक पाडून रबर लावा, आणि लेन्स एकदा बाहेर काढली की चढापासून उतारापर्यंत आत घेऊ नका.

सांगायचं एवढंच की सेकंड कॅमेरा ही पहिल्याची छोटी झेरॉक्स नसते. पहिला कॅमेरा आपण फोटो काढायला जाताना नेतो. दुसरा दूध आणायला जाताना खिशात असतो. विकत घेताना फक्त हे दुसरं वाक्य डोक्यात ठेवा, अर्धी यादी आपोआप गळते.

खिसा आधी, कॅमेरा नंतर

रिको जीआर ३ बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, फुजीचा एक्स १०० सिक्स ५२१ ग्रॅम. आकडे बघून वाटतं अडीचशे ग्रॅमनी काय होतंय. होतंय. जीआर जीन्सच्या पुढच्या खिशात जातो, एक्स १०० जात नाही, तो गळ्यात नाहीतर बॅगेत. आणि बॅगेतला कॅमेरा म्हणजे बॅगेतच राहिलेला कॅमेरा. एक्स १०० सिक्स वाईट नाही हां, २०२४ ला आला तेव्हा लोक महिनोन् महिने वेटिंगला होते ते उगाच नाही, त्याला डोळा लावायला खिडकी आहे, ३५ ची एफ २ लेन्स आहे (एफचा आकडा लहान तितकं अपर्चर मोठं), शटर लेन्समध्येच असल्यानं आवाज जवळजवळ नाही. गळ्यात अडकवून फिरणारा माणूस असाल तर तोच घ्या. पण मग "खिशात मावतो म्हणून घेतला" असं स्वतःला सांगू नका. घेण्याआधी त्या मापाचं पुठ्ठ्याचं किंवा साबणाचं खोकं आठ दिवस खिशात घालून फिरा, हसू नका, मी तिसऱ्या वेळी हेच केलं.

तुमची नजर किती एमएमची आहे?

जीआर ३ फिक्स २८, जीआर ३ एक्स फिक्स ४०, एक्स १०० फिक्स ३५. हा आकडा म्हणजे फोकल लेन्थ, फुल फ्रेम म्हणजे जुन्या रोलच्या मापाच्या सेन्सरच्या हिशोबानं; आकडा लहान तितकं चौकटीत जास्त मावतं. फिक्स म्हणजे झूम नाही. फिक्स लेन्स म्हणजे लग्नच, नंतर तक्रार करून उपयोग नाही. बरेच जण इथं रिव्ह्यू बघून ठरवतात आणि फसतात. कोणीतरी सांगतं जुन्या फोटोंचा डेटा काढ, कुठली फोकल लेन्थ जास्त वापरलीस बघ. ते अर्धंच खरं, कारण १८-५५ (कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स) वापरणाऱ्याचे बहुतेक फोटो एकतर १८ ला नाहीतर ५५ ला निघतात, झूम रिंग जिथं अडते तिथं. ती आपली नजर नाही, रिंगची आहे.

त्यापेक्षा किट लेन्सची झूम रिंग हलू नये म्हणून तिला चिकटपट्टी लावा. निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी बॉडीवर १८ ला लावली की साधारण २८ सारखं दिसतं, २३ ला ३५ आणि २७ ला ४०. एकेक आठवडा तसंच फिरायचं, पट्टी काढायची नाही. कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाल्यांच्या दोन रांगांच्या मधनं चालताना मला २८ बरोबर वाटलं, हाताच्या अंतरावर माणूस आणि मागं अख्खा बाजार. तालमीत मात्र तेच २८ म्हणजे कोपऱ्यातली बादली, दोरीवरचे लंगोट, भिंतीवरचा कॅलेंडर सगळं येतंय आणि पैलवान बारका, आणि हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, आत तर आपल्याला कोण जाऊ देणार. मी आयुष्य बाजारात जास्त काढतो म्हणून २८ घेतला. तुम्ही कुठं उभं राहता ते तुम्ही बघा. ज्याला माणसाच्या चार फूट जवळ जायची भीती वाटते त्यानं २८ घेऊच नये, नुसता डांबरी रस्ता आणि आभाळ येणार.

छोटा म्हणजे अदृश्य नव्हे

हे जरा नीट सांगतो. छोटा कॅमेरा घेतला की काहींना वाटतं आता कुणाला न कळता काहीही टिपायला मोकळे. कमरेजवळ धरायचा, दुसरीकडं बघायचं, हळूच दाबायचं. एक तर असे फोटो वाकडेतिकडे आणि नाकपुड्यांचे येतात, आणि दुसरं म्हणजे कळलं की जास्त चिडतात लोक, कारण तुम्ही लपवत होता. डोळ्याच्या पातळीला धरा, काढा, हसा, पुढं चला. छोट्या कॅमेऱ्याचा फायदा एवढाच की लोक तुम्हाला प्रेसवाला समजत नाहीत, टुरिस्ट समजतात किंवा काहीच समजत नाहीत. पंचगंगा घाटावर आंघोळ करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत, कॅमेरा केवढाही असो. अंबाबाईच्या मंदिरात फोटोला मनाई आहे, कॅमेरा छोटा झाला म्हणून नियम छोटा होत नाही. आणि एखादा म्हणाला "फोटो काढलास न्हवं?" तर हो म्हणा आणि दाखवा. गेल्या पावसाळ्यात लक्ष्मीपुरीत एका हमाल काकांनी असंच धरलं, दाखवला, त्यांनी दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "पाय कापलास की रं." खरंच कापले होते.

कातडी केस, लाल पट्टा, चकचकीत थंब ग्रिप हे सगळं घरी ठेवा. मनगटाची साधी दोरी पुरते. काळाच पाहिजे असंही काही नाही, माझ्या मित्राचा चंदेरी एक्स १०० बघून म्हातारी माणसं स्वतःहून विचारतात "रोल मिळतोय काय अजून?" आणि गप्पा सुरू.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात येणाऱ्या तक्रारी

"स्टॅबिलायझेशन आहे तरी फोटो हलतायत." कारण ते तुमचा हात स्थिर करतं, रस्त्यावरचा माणूस नाही. ऑटोवर सोडला तर कॅमेरा संध्याकाळी शटर १/३० सेकंदावर नेतो. ऑटो आयएसओमध्ये कमीत कमी शटर १/२५० लावा, वरची मर्यादा ६४०० पर्यंत सोडा, थोडे दाणे आले तर येऊ देत, हललेल्यापेक्षा बरे.

"फोकस मागच्या भिंतीवर जातो." गर्दीत ऑटोफोकसवर भरवसा ठेवणं हीच मुळात चूक. जीआरमध्ये स्नॅप फोकस म्हणून सोय आहे, अंतर आधीच ठरवून ठेवायचं, बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, त्या अंतरावर सरळ फोटो काढतो. दोन मीटर आणि एफ ८ ठेवलं तर २८ च्या लेन्सला साधारण एक मीटरपासून पुढं जवळपास सगळंच चालण्याइतकं स्पष्ट येतं. एफ ५.६ ला तेच सव्वा ते सहा मीटर. दोन मीटर म्हणजे किती ते घरात दाराच्या चौकटीपासून पावलं मोजून पाठ करा. बाकी कॅमेऱ्यांत मॅन्युअल फोकसवर हेच करता येतं, फक्त कॅमेरा बंद-चालू केल्यावर अंतर लक्षात ठेवतो का ते दुकानातच तपासा, काही ठेवत नाहीत आणि मग सगळंच मुसळ केरात.

"दुकानाच्या दिव्यात फोटोवर आडवे पट्टे येतात." हा प्रश्न मला गुजरीत पडला, सोन्याच्या दुकानांचे एलईडी. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलेलं असतं, ते सेन्सर ओळीओळीनं वाचतं, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही, सेन्सरला दिसतं. साध्या (मेकॅनिकल) शटरवर या आणि १/१०० किंवा १/५० ठेवा. चालता रिक्षावाला तिरका आला असेल तर तेही याच इलेक्ट्रॉनिक शटरचं काम.

बीप बंद आणि फोकसचा दिवा बंद करा. हे पहिल्याच दिवशी. अंधारात तो दिवा समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि मग छोटा कॅमेरा घेऊन उपयोग काय.

"उन्हात स्क्रीन दिसत नाही." नाहीच दिसत. दुपारी रंकाळ्यावर खिडकी नसलेला कॅमेरा म्हणजे आरसा. ब्राइटनेस वाढवा, नाहीतर २८ ची चौकट डोक्यात बसवा, महिन्यात बसते.

जुना घेताय तर

एफ १६ ला कोऱ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, काळे ठिपके असले तर सेन्सरवर धूळ आहे. फिक्स लेन्सच्या कॅमेऱ्यात लेन्स काढून पुसता येत नाही, पूर्ण उघडावा लागतो, आणि जीआर वापरणाऱ्यांची तर ही जुनी तक्रार आहे. लेन्समधनं टॉर्च मारून बुरशीची जाळी बघा. आपल्याकडं जूनपासून चार महिने कपाटातल्या चपलांना बुरशी येते तर काचेला का येणार नाही, डाळीच्या हवाबंद डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवा, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. फुजीचे नवे एक्स १०० पाण्यापासून वाचतात असं सांगून विकणारा भेटेल, पण त्याला पुढं अडॅप्टर रिंग आणि फिल्टर लावल्याशिवाय ते खरं नाही. बिलावरचा सीरियल नंबर जुळवा. बिल नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.

आणि बॅटरी. छोट्या कॅमेऱ्यात छोटीच असणार, जीआर ३ ची कंपनीच २०० फोटो सांगते. दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच घ्या, पण ती किल्ल्या आणि चिल्लर असलेल्या खिशात मोकळी टाकू नका, टोकं जोडली गेली की तापते, माझी मांडीला चटका बसेपर्यंत तापली होती आणि मी भर बिंदू चौकात पँटीचा खिसा उलटा करून नाचत होतो. त्या वेळी मात्र सगळ्यांनी मोबाइल काढले.