आवाज फुटण्याच्या वयातली गाणी

सहावी ते आठवीच्या वर्गात एखादा मुलगा अचानक गायचा थांबला, तर त्याला आळशी ठरवू नका. बहुधा त्याचा आवाज फुटत असतो. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि मुलांचा आवाज साधारण एक सप्तक (एका ‘सा’पासून पुढच्या ‘सा’पर्यंतचं अंतर) खाली उतरतो. मुलींचाही बदलतो, पण थोडाच. काही काळ तो नुसता हवा मिसळल्यासारखा, पातळ लागतो. त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

म्हणून वर्गासाठी पाच-सहा स्वरांत मावणारी गाणी निवडा. पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कुठल्या उंचीवर धरायचा ते, ठरवताना पेटीवर आपला आवाज लावू नका, मुलांचा लावा. आधी सगळ्यांना नुसतं गुणगुणायला सांगा. कोण कुठे अडकतो ते लगेच कळतं. वरचे स्वर न लागणाऱ्यांना खालच्या सप्तकात तीच चाल गाऊ द्या, किंवा फक्त षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून ठेवायला सांगा. खाली असा षड्ज घुमत राहिला की गाणं एकदम भरल्यासारखं वाटतं, आणि तो धरणाऱ्या मुलाला आपण शिक्षा भोगतोय असं वाटत नाही.

या दिवसांत कुणालाही एकट्याने गायला लावू नका. चिरकलेल्या एका सुरावर वर्ग हसला, तर ते मूल पुढे तोंडच उघडत नाही. आवाज महिन्याभरातही बदलतो, तेव्हा पट्टी मधूनमधून पुन्हा तपासा.