पुरवणीतला क्लास आधी एक दुपार खेळून बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून कल्पित पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या 2014 च्या मूळ नियमपुस्तकात 12 क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, होते. आर्टिफिसर, म्हणजे वस्तूंत जादू भरणारा कारागीर, 2019 मध्ये पुरवणीतून आला. गटात कुणी असा क्लास मागितला, तर तो थेट मोहिमेत, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या कथेत, घेऊ नका. एक दुपार चाचणीला द्या. नागपुरात मे महिन्यात कूलर सोडून कुठे जायचं असतं तसंही?

पात्र तिसऱ्या लेव्हलचं करा, कारण आर्टिफिसरचा सबक्लास, म्हणजे क्लासमधला उपप्रकार, तिथेच मिळतो. एक लढाई आणि एक बोलाचालीचा प्रसंग पुरे.

लक्ष कुठे ठेवायचं? 2019 च्या नियमांतला आर्टिफिसर दुसऱ्या लेव्हललाच चार इन्फ्युजन, म्हणजे वस्तूंत भरायच्या जादू, शिकतो, पण त्या लेव्हलला एका वेळी दोनच वस्तूंत ती भरता येतात. त्यातलं शस्त्र सुधारणारं इन्फ्युजन त्याने फायटरच्या, म्हणजे लढवय्या पात्राच्या, तलवारीत भरलं, की तिला हल्ल्याच्या आणि नुकसानाच्या आकड्यात +1 मिळतो. ताकद वाढते फायटरची, आणि आर्टिफिसरच्या शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावर, ती दिसतच नाही. शत्रू ठरवताना डीएमकडून, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडून, नेमकं हेच सुटतं. म्हणून भरलेल्या वस्तू कुणाकडे आहेत, ते वेगळ्या कागदावर लिहून टेबलाच्या मधोमध ठेवा. आमच्या धरमपेठच्या गटात या कागदामुळे हिशोबाची भांडणं थांबली.