पहिल्या पिढीची मस्टँग मूळ रूपात आणताना या चुका टाळा

फोर्ड मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि १९६५ व १९६६ या दोन मॉडेल-वर्षांत मिळून तिच्या सुमारे १२ लाख ८८ हजार गाड्या तयार झाल्या. त्यामुळे आज तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नव्याने बनवून विकला जातो आणि नेमकी हीच सोय गाडीच्या अस्सलपणाच्या मुळावर येते. हवा तो भाग घरपोच मिळतो म्हटल्यावर जुन्या भागावर काय लिहिले होते, तो कोणत्या रंगाचा होता, हे पाहण्याआधीच तो भंगारात जातो. कारखान्यातून निघाली तशी गाडी करायची, तर ती विशिष्ट गाडी कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या सुमारास जुळवली गेली हे आधी ठरवावे लागते, आणि त्याचा बहुतेक पुरावा तिच्याच अंगावर असतो.

पाना हातात घेण्याआधी

पहिली चूक चेसिस क्रमांक नीट न वाचण्याची. '५एफ०७सी' अशी सुरुवात असेल, तर ५ म्हणजे १९६५ चे मॉडेल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे दोन दारांची, पक्क्या छताची हार्डटॉप आणि सी म्हणजे २८९ घनइंचांचे, दोन बॅरल कार्ब्युरेटरचे व्ही-८ इंजिन. कारखान्याच्या जागी आर असेल तर गाडी कॅलिफोर्नियातील सॅन होजेची, टी असेल तर न्यू जर्सीतील मेटचन कारखान्याची. (हा कारखाना प्रत्यक्षात एडिसन गावात होता, आज तिथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना आपल्या घराजवळ कधीकाळी मस्टँग बनत होती याची कल्पना नसते.) हा क्रमांक चालकाच्या बाजूच्या आतल्या मडगार्डाच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. दारावरची पाटी नवी करून मिळते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबून गाडी विकत घेणे किंवा तिच्यानुसार रंग ठरवणे धोक्याचे आहे. पाटीवरील इंजिनाचे अक्षर आणि पत्र्यावरचे अक्षर जुळले नाही, तर काम तिथेच थांबवून खुलासा शोधावा.

विक्रेते ज्यांना 'साडेचौसष्ट'ची गाडी म्हणतात, त्या सुरुवातीच्या गाड्यांचा क्रमांकही ५ नेच सुरू होतो. फोर्डने १९६४ चे वेगळे मॉडेल-वर्ष कधी दिलेच नाही. मात्र त्या गाड्यांत डायनॅमो असे आणि ऑल्टरनेटर ऑगस्ट १९६४ च्या सुमारास आला. त्यामुळे सुरुवातीच्या गाडीत चकचकीत ऑल्टरनेटर बसवून ती 'मूळ' म्हणून दाखवली, तर जाणकार परीक्षक बोनेट उघडताक्षणी ओळखतो.

सर्वात जास्त पैसे बुडतात ते 'मॅचिंग नंबर' या शब्दांवर, म्हणजे इंजिनावरचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो या दाव्यावर. १९६८ पूर्वी फोर्ड सामान्य इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, गाडीचा क्रमांक ठोकत नव्हती. अपवाद २७१ अश्वशक्तीच्या 'के' अक्षराच्या इंजिनाचा. म्हणजे 'सी' किंवा 'ए' (चार बॅरल कार्ब्युरेटरचे २८९) इंजिनाच्या १९६५ च्या गाडीबद्दल कोणी क्रमांक जुळतात म्हणून जादा किंमत मागत असेल, तर तो सिद्ध करता न येणारी गोष्ट विकत आहे. पडताळता येतात त्या तारखा. ब्लॉकवर ओतकामाची तारीख '५सी१०' अशी असते, म्हणजे १० मार्च १९६५; दारावरच्या पाटीवर '१६डी' म्हणजे १६ एप्रिल. ओतकाम जुळणीच्या काही आठवडे आधीचे असेल तर गोष्ट पटण्यासारखी आहे. नंतरचे असेल, तर ते इंजिन त्या गाडीसोबत कारखान्यातून निघालेले नाही, हे निश्चित.

१९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादन-नोंदी मार्टी रिपोर्टच्या रूपाने विकत मिळतात. त्याआधीच्या दोन वर्षांसाठी ही सोय नाही, म्हणून जीटी, म्हणजे कारखान्यातून खास स्पोर्टी संच लावून आलेल्या गाड्यांत नकलांचा सुळसुळाट आहे. जीटीचा संच १९६५ च्या वसंतात आला आणि तो फक्त 'ए' व 'के' इंजिनांसोबतच मिळत असे. पट्टे, धुक्याचे दिवे आणि बिल्ले कोणालाही लावता येतात. दुहेरी एक्झॉस्ट अडकवण्यासाठी मागच्या चौकटीला कारखान्यात जोडलेल्या मजबुतीच्या पट्ट्या मात्र गाडीखाली शिरून पाहाव्या लागतात, आणि खरेदीच्या दिवशी ते कपडे खराब करण्याचे काम बहुतेक जण टाळतात.

खोलताना आणि पत्र्याच्या कामात

गाडी खोलण्याआधी वाफेने धुऊन काढणे हा उत्साहाचा, पण महागात पडणारा प्रकार आहे. काजळी आणि ग्रीसखाली खडूच्या तपासणी-खुणा, एक्सलवरचे रंगाचे ठिपके आणि पट्टे दडलेले असतात. आधी छायाचित्रे काढावीत, मग हलक्या हाताने थर उतरवावा. नट-बोल्टही एका डब्यात ओतू नयेत. कोणता बोल्ट काळ्या फॉस्फेटचा आणि कोणता जस्ताच्या मुलाम्याचा, हे नंतर आठवत नाही.

या गाडीचा खरा शत्रू पुढच्या काचेखालच्या हवेच्या जाळीतून येतो. तिथे दोन पत्र्यांच्या मध्ये पाने साचतात, पाणी निचरत नाही, आतला पत्रा सडतो आणि पाणी प्रवाशाच्या पायाशी टपकू लागते. पुष्कळ जण गालिचा बदलतात, खालचा पत्रा नवा जोडतात आणि पहिल्या पावसात पुन्हा तेच पाहतात. जाळीवर पाण्याची नळी धरून आतून पाहणे ही साधी तपासणी आहे. वरून डांबर किंवा प्लॅस्टिकच्या टोप्या चिकटवणे ही तात्पुरती मलमपट्टी झाली. योग्य काम म्हणजे स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवून वरचा पत्रा उचलणे, आतला बदलणे आणि पुन्हा वेल्ड करणे.

मस्टँगला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. म्हणून दाराखालचे लांब पोकळ पत्रे (रॉकर) कापण्याआधी दारांच्या उघड्या जागेत आडव्या-तिरप्या पट्ट्या वेल्ड करून आधार द्यावा. कन्व्हर्टिबलला छताचा आधार नसल्याने हे विसरले, तर गाडी मधोमध वाकते आणि दार कधीच सरळ लागत नाही. नवे पत्रे कायमचे जोडण्याआधी दारे, बोनेट आणि मडगार्ड तात्पुरते बसवून फटी पाहाव्यात. बोनेट, छप्पर आणि दारांच्या बाहेरच्या पत्र्यावर वाळूचा मारा करू नये; पत्रा तापून लहरतो आणि मग किलोभर पुट्टी लागते. मडगार्डाचा आतला पत्रा सडला असेल, तरी क्रमांक ठोकलेला तुकडा कापून टाकू नये: तो नष्ट करणे किंवा दुसऱ्या पत्र्यावर हलवणे अमेरिकेत फौजदारी प्रकरण ठरू शकते. डागडुजी त्याच्याभोवतीच करावी.

रंग

येथे चूक कमी करण्याची नसून जास्त करण्याची असते. डिअरबॉर्नमधून आलेल्या गाडीचा तळ लाल ऑक्साइड प्रायमरचा असे, त्यावर कडेने अंगरंगाचे उडालेले फवारे असत, इंजिनाची खोली निमचकाकत्या काळ्या रंगाची असे. तळाला आरशासारखा काळा रंग दिलेली गाडी सुंदर दिसते, पण तशी ती फोर्डने कधी बनवली नव्हती. इंजिनाच्या रंगातही घोटाळा होतो: १९६५ च्या २८९ इंजिनाचा ब्लॉक काळा, व्हॉल्व्ह कव्हर आणि एअर क्लीनर सोनेरी, पूर्ण निळे इंजिन १९६६ चे.

सुरू केल्यावर येणाऱ्या तक्रारी

नव्या कॅमशाफ्टचे इंजिन सुरू करून आयडलवर सोडू नये. कॅमवर घासत चालणाऱ्या सपाट टॅपेटना तेल क्रँकशाफ्टच्या वेगाने उडून मिळते, म्हणून पहिली सुमारे २० मिनिटे मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास, वेग थोडा कमी-जास्त करत इंजिन चालवावे. आजच्या सामान्य तेलात झीज रोखणाऱ्या झिंकचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी असते. तेल निवडताना ते पाहावे, नाहीतर कॅमचा उंचवटा काही तासांत घासतो.

पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकाच वेळी खोटे दाखवू लागले, की लोक टाकीतील सेन्सर बदलतात. दोन्ही काटे मीटरमागच्या एकाच छोट्या व्होल्टेज रेग्युलेटरवर चालतात आणि तो सरासरी पाच व्होल्ट देतो. दोघे मिळून चुकतात, तर दोष बहुधा त्याचा असतो. ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे कॉन्टॅक्ट पॉइंट वारंवार जळत असतील, तर इग्निशन स्विचपासून कॉइलकडे जाणारी गुलाबी वायर पाहावी. ती साधी वायर नसून विद्युतरोध असलेली वायर आहे. कोणी तिच्या जागी तांब्याची वायर टाकली असेल, तर कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट जातात आणि पॉइंट टिकत नाहीत. दिवे मंद असतील, तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी परत बसवली आहे का आणि तिच्याखालचा रंग खरवडला आहे का, हे आधी तपासावे. रंगकाम सुबक झालेल्या गाड्यांत हा दोष हमखास आढळतो. इंधनाच्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या असाव्यात. जुन्या साठ्यातल्या 'अस्सल' नळ्या आजच्या पेट्रोलमध्ये फुगतात.

ब्रेकच्या बाबतीत मात्र माझे मत मूळपणाच्या विरुद्ध जाते. १९६५-६६ चा मास्टर सिलिंडर एकाच मार्गाचा आहे. एक नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक जातात. फोर्डने दुहेरी मार्ग १९६७ मध्ये दिला. गाडी ट्रेलरवरून प्रदर्शनाला जाणार असेल, तर मूळ सिलिंडर ठेवावा. रस्त्यावर चालवायची असेल, तर दुहेरी बसवावा, कारखान्याच्या नळ्या न कापता जोडता येईल असा, आणि मूळ सिलिंडर तेल लावून, गाडीचा क्रमांक लिहिलेल्या पेटीत जपून ठेवावा.