बिनआट्यांच्या हेडसेटवर नवा स्टेम बसवताना

माउंटन बाइकचा स्टेम, म्हणजे हँडलला पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कशी जोडणारा भाग, बदलण्यासाठी दोन-तीन ॲलन (षटकोनी टोकाचे) पाने, थोडे ग्रीस आणि एक फडके एवढे साहित्य पुरते. मात्र स्टेमवरचा कोणता बोल्ट कशासाठी आहे हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण या कामातल्या बहुतेक चुका वरच्या टोपणाच्या बोल्टविषयीच्या गैरसमजातून होतात.

प्रथम आपल्या सायकलीचा हेडसेट (फोर्क फ्रेममध्ये सहज फिरावा म्हणून असलेला बेअरिंगचा संच) बिनआट्यांचाच आहे ना, याची खात्री करावी. जुन्या आणि आजच्याही अनेक स्वस्त सायकलींमध्ये स्टेमची दांडी फोर्कच्या नळीच्या आत उतरते व फ्रेमच्या वरच्या टोकाला मोठे षटकोनी नट दिसतात. तो आट्यांचा हेडसेट होय आणि त्याची रीत वेगळी आहे. बिनआट्यांच्या रचनेत फोर्कची गुळगुळीत नळी फ्रेममधून वर येते, स्टेम तिला बाहेरून कवटाळून बसतो, स्टेमच्या मागच्या बाजूला दोन आडवे बोल्ट असतात आणि वर एक लहान टोपण असते.

ते टोपण स्टेमला धरून ठेवत नाही. त्याचा बोल्ट नळीच्या आत ठोकून बसवलेल्या चांदणीच्या आकाराच्या नटात फिरतो आणि फोर्कला वर ओढतो. त्यामुळे स्टेम व त्याच्या खाली-वर नळीवर घातलेल्या रिंगा खाली दाबल्या जाऊन हेडसेटच्या बेअरिंगवर योग्य तेवढा दाब येतो. हा दाब साधला की तो कायम ठेवण्याचे आणि हँडल नळीला घट्ट जखडण्याचे काम आडव्या बोल्टांचे असते. म्हणूनच आडवे बोल्ट आवळलेले असताना वरचा बोल्ट कितीही पिळला तरी हेडसेटचा ढिलेपणा जात नाही, उलट नळीतला नट सरकण्याची किंवा आटे जाण्याची भीती असते.

नवा स्टेम विकत घेताना तीन मापे पाहावीत. नळीचा वरचा व्यास बहुतेक माउंटन बाइकांवर २८.६ मिमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश (१ १/८) इंच असतो. हँडलचा मधला व्यास २५.४, ३१.८ किंवा ३५ मिमी असू शकतो आणि स्टेमची पकड नेमक्या त्याच मापाची हवी. पत्र्याची पट्टी घालून फरक भरून काढणे धोक्याचे आहे. तिसरे माप लांबीचे, जे नळीच्या मध्यापासून हँडलच्या मध्यापर्यंत मोजतात: ९० मिमीऐवजी ६० मिमीचा स्टेम लावला, तर हँडल सुमारे तीन सेंटिमीटर जवळ येते आणि सायकल अधिक चटकन वळते. याखेरीज नव्या स्टेमची नळीवरची उंची जुन्याहून कमी असेल, तर तेवढ्या जाडीची रिंग जास्तीची लागेल.

सायकल पुढचे चाक जमिनीवर टेकवूनच उभी ठेवावी, कारण ती स्टँडवर टांगलेली असेल तर स्टेम निघताच फोर्क खाली घसरू शकतो. आधी हँडल धरणारी पुढची पट्टी सोडवून हँडल फ्रेमवर फडके टाकून अलगद टेकवावे, ब्रेक व गिअरच्या केबल मुडपू देऊ नयेत. मग टोपणाचा बोल्ट पूर्ण काढावा, आडवे बोल्ट सैल करावेत आणि स्टेम वर उचलून घ्यावा. रिंगांचा क्रम लक्षात राहावा म्हणून आधीच एक छायाचित्र घेऊन ठेवलेले बरे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या वाटांवर फिरलेल्या किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या सायकलीत इथे गंज आणि चिखल हमखास सापडतो, तेव्हा नळी स्वच्छ पुसावी आणि बोल्टांच्या आट्यांना ग्रीसचा पातळ थर द्यावा.

आता रिंगा आणि नवा स्टेम नळीवर चढवून एक गोष्ट बारकाईने पाहावी: नळीचे टोक स्टेमच्या (किंवा स्टेमवर रिंग असल्यास तिच्या) वरच्या कडेपेक्षा सुमारे ३ मिमी खाली असले पाहिजे. ही पोकळी नसेल तर टोपण नळीवरच टेकते आणि बेअरिंगवर दाब येतच नाही. पोकळी कमी पडल्यास एक रिंग वाढवावी. पोकळी फार मोठी असेल तर स्टेमला नळीवर पुरेशी पकड मिळत नाही, तेव्हा एखादी रिंग कमी करावी.

आडवे बोल्ट सैलच ठेवून टोपणाचा बोल्ट हलक्या हाताने आवळावा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी आणि दुसऱ्या हाताची बोटे हेडसेट व फ्रेम यांच्या सांध्यावर ठेवावीत. तिथे टकटक जाणवली तर बोल्ट पाव फेरा आणखी फिरवावा. सस्पेन्शन फोर्कचे पाय किंवा ब्रेकचे पॅडही थोडे हलतात, म्हणून कानापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. नंतर पुढचे चाक उचलून पाहावे: हँडल दोन्ही बाजूंना आपोआप वळले पाहिजे, अडखळले तर दाब जास्त झाला आहे.

मग वरून पाहत स्टेम चाकाच्या रेषेत आणावा आणि दोन्ही आडवे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. किती, ते स्टेमवरच छापलेले असते. साधारणतः ५ ते ६ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) नसल्यास एवढे ध्यानात घ्यावे की १० सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे ५ किलोचा जोर म्हणजे ५ न्यूटन-मीटर. पुढच्या पट्टीचे चार बोल्ट तिरकस क्रमाने आवळून वरची व खालची फट सारखी ठेवावी, मात्र काही स्टेमांत वरची फट पूर्ण मिटवायची असते, तेव्हा सोबतचा कागद पाहावा. हँडल कार्बनचे असेल तर पकडीच्या जागी ग्रीस न लावता कार्बनसाठीची खरबरीत पेस्ट वापरावी.

शेवटी पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावे. स्टेम सरकता कामा नये. स्टेम लांब केला असेल तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणल्या जात नाहीत ना, हेही तपासावे. पहिल्या फेरीनंतर सर्व बोल्ट आणि हेडसेटचा ढिलेपणा पुन्हा तपासावा; ढिलेपणा आढळल्यास आडवे बोल्ट सैल करूनच वरच्या बोल्टाला हात लावावा.