तीन सेकंदांची शिट्टी आधी पायांना, मग घड्याळाला

बास्केटबॉल पंचांची लेखी परीक्षा दिली तेव्हा तीन सेकंदांचा नियम मला सर्वांत सोपा वाटला होता. आपल्या संघाच्या ताब्यात फ्रंटकोर्टमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटकडच्या अर्ध्या मैदानात, लाइव्ह बॉल (खेळात असलेला चेंडू) असताना आणि गेम क्लॉक, म्हणजे सामन्याचे घड्याळ, चालू असताना खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या लेनमध्ये, म्हणजे बास्केटसमोर आखलेल्या पट्ट्यात, सलग तीन सेकंदांहून अधिक काळ थांबू नये, एवढेच त्यात आहे. प्रत्यक्ष मैदानावर मात्र पहिल्याच हंगामात याच नियमाने माझी फजिती केली.

शालेय गटाचा सामना होता आणि मी लीड पंच, म्हणजे बास्केटजवळचा पंच, म्हणून बेसलाइनवर (बास्केटमागच्या सीमारेषेवर) उभा होतो. उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) लेनमध्ये येऊन थांबला, मी मनात मोजू लागलो, त्याला पास मिळाला, त्याने वळून बास्केटच्या दिशेने ड्रिबल टाकला (चेंडू जमिनीवर आपटत नेला) आणि त्याच क्षणी माझी मोजणी संपल्यामुळे मी शिट्टी फुंकली. चेंडू जाळीतून खाली पडला तेव्हा माझा हात तीन बोटे दाखवत पसरलेला होता आणि बास्केट रद्द झाली होती. मध्यंतरात ट्रेलवरचे, म्हणजे खेळाच्या मागच्या बाजूने पाहणारे, ज्येष्ठ पंच जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “किती मोजलंस ते सांगू नकोस. मोजायला कधी लागलास आणि कुठे थांबायला हवं होतंस, ते सांग.”

तीन सेकंद पूर्ण होण्याआधी लेनमध्ये असलेला खेळाडू बास्केट करण्यासाठी ड्रिबल करत असेल, तर त्याला मुभा द्यावी लागते. बाहेर पडण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणाऱ्यालाही ती मिळते, आणि तो स्वतः किंवा त्याचा सहकारी शॉट घेत असताना चेंडू हातातून सुटत असेल किंवा नुकताच सुटला असेल, तरीही मिळते. शॉटचा चेंडू हवेत असताना कोणत्याच संघाचा ताबा नसतो. त्यामुळे रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यासाठी, लेनमध्ये कितीही धक्काबुक्की चालली, तरी मोजणी होत नाही. आक्रमक संघाने रिबाउंड पकडला की ती नव्याने, शून्यापासून सुरू होते. थ्रो-इनच्या वेळी, म्हणजे सीमारेषेबाहेरून चेंडू आत देताना, मैदानावरील खेळाडूचा चेंडूला स्पर्श होईपर्यंत क्लॉक थांबलेले असते, म्हणून तोवर लेनमध्ये ठाण मांडून बसलेल्या सेंटरविरुद्ध बाकावरून कितीही आरडाओरडा झाला, तरी तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

खरी परीक्षा पायांची असते. लेनच्या रेषा लेनचाच भाग आहेत आणि बाहेर गेल्याचे मानण्यासाठी दोन्ही पाय रेषेबाहेर जमिनीवर टेकलेले असावे लागतात. एक पाय बाहेर टेकवून दुसरा हवेत उचलायचा आणि लगेच पुन्हा आत यायचे, ही अनुभवी पोस्ट (बास्केटजवळ उभे राहून खेळणाऱ्या) खेळाडूंची आवडती युक्ती. तिने मोजणी तुटत नाही. बेसलाइन ओलांडून मैदानाबाहेर जायचे आणि पुन्हा लेनमध्ये शिरायचे, ही त्याच जातीची दुसरी चलाखी, आणि तीही उल्लंघनच ठरते. नवखा पंच चेंडू पाहतो आणि पाय त्याच्या नजरेतून सुटतात. लीडवर असताना चेंडू समोरच्या बाजूला गेला, की मी आजही जाणीवपूर्वक नजर खाली, पोस्टमधल्या बुटांकडे नेतो.

चेंडूपासून दूर, कोणताही लाभ न घेता उभ्या असलेल्या खेळाडूवर अनुभवी पंच सहसा शिट्टी फुंकत नाहीत. “बाहेर, पाच नंबर!” असे वेळेवर म्हटले, की बहुतेक खेळाडू निघतात. हा मवाळपणा नव्हे. बास्केटजवळच्या जागेवर उंच खेळाडूने कायमचा कब्जा करू नये, यासाठीच हा नियम आहे. जॉर्ज मायकन या उंच सेंटरच्या वर्चस्वामुळे एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगने 1951 मध्ये लेन सहा फुटांवरून बारा फुटांपर्यंत रुंद केली, तीही याच विचाराने. मात्र तोच खेळाडू पाठीने बचावपटूला रेटत पासची वाट पाहत असेल, तर इशाऱ्याची वाट न पाहता शिट्टी द्यावी. दूरचित्रवाणीवर एनबीए पाहणाऱ्यांनी एक घोटाळा टाळावा: तेथे बचावपटूलाही तीन सेकंदांचे बंधन आहे, आपण वापरतो त्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत नाही.

सामन्याआधी लेनच्या रेषा स्वतः पाहून घ्याव्यात. फिबाने 2010 नंतर समलंब लेन सोडून 4.9 मीटर रुंदीची आयताकृती लेन स्वीकारली, पण काही जुन्या सिमेंटच्या कोर्टांवर मला दोन्ही आकृत्या एकमेकींवर रंगवलेल्या आढळल्या आहेत. बेसलाइनवर जुनी लेन सहा मीटर रुंद होती, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे 55 सेंटिमीटर अधिक. सामन्यात कोणती रेषा धरायची, हे दोन्ही प्रशिक्षकांना आणि सहकारी पंचाला चेंडू उडवण्याआधीच सांगून ठेवावे.