'प्रडिजस' हे विशेषण कसे वापरावे

इंग्रजीतील 'प्रडिजस' हे विशेषण पाहणाऱ्याला थक्क करणाऱ्या मोठेपणासाठी वापरतात. उच्चारताना जोर 'डि'वर द्यावा. शकुन किंवा अद्भुत घटना अशा अर्थाच्या 'प्रोडिजियम' या लॅटिन शब्दापासून ते आले असल्याने नुसत्या ऐसपैस घराला किंवा टेबलाला ते शोभत नाही. स्मरणशक्ती, प्रतिभा, भूक, परिश्रम यांच्यासाठी मात्र ते अगदी चपखल आहे. श्रीनिवास रामानुजन यांनी अवघ्या ३२ वर्षांच्या आयुष्यात हजारो गणिती निष्कर्ष मांडले. त्यांच्याविषयी 'अ प्रडिजस टॅलंट' असे निःसंकोच लिहावे. अर्थ मुळातच टोकाचा असल्यामुळे त्याआधी 'व्हेरी' जोडू नये. हे विशेषण नेहमी कौतुकाचेच असते असेही नाही, कारण प्रचंड कर्जालाही 'प्रडिजस डेट' म्हणता येते.