एअरबॅगमुळे इजा झाल्यास भरपाईचा दावा कसा करावा

अपघातात एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते. त्या जोरामुळेच जीव वाचतो आणि त्याच जोरामुळे चेहरा खरचटणे, मनगट मोडणे किंवा छातीला मुका मार बसणे असे प्रकार निर्दोष एअरबॅगनेही घडतात. म्हणून केवळ इजा झाली एवढ्यावर उत्पादक जबाबदार ठरत नाही. दोष दाखवावा लागतो.

प्रथम उपचार घ्या. डोळे चुरचुरत असतील तर ते भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, कारण बाहेर पडणारी भुकटी क्षारयुक्त असू शकते. इजा एअरबॅगमुळे झाली हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून केसपेपरवर नोंदवून घ्या. जखमेतून धातूचा तुकडा निघाला, तर तो जपून ठेवण्याची विनंती करा.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच राहून जाते: गाडी हातची जाऊ देऊ नका. विमा कंपनी ती भंगारात काढण्याआधी आणि गॅरेजवाला दुरुस्तीला हात घालण्याआधी, गाडी आहे त्याच स्थितीत ठेवावी असे दोघांनाही लेखी कळवा. स्टिअरिंग, फाटलेली पिशवी, सीटबेल्ट आणि आसनाची स्थिती यांचे जवळून फोटो काढा. अनेक गाड्यांमध्ये धडकेच्या क्षणीचा वेग आणि बेल्ट लावला होता की नाही याची नोंद राहते. ती तज्ज्ञाकडूनच काढून घ्यावी.

चासी नंबरवरून गाडी रिकॉलमध्ये, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांमध्ये, होती का, हे उत्पादकाकडे तपासा. उदाहरणार्थ, एअरबॅग बनवणाऱ्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधील (पिशवी फुगवणाऱ्या भागातील) अमोनियम नायट्रेट हे रसायन उष्णता व दमटपणामुळे वर्षानुवर्षे खराब होत गेले, आवरण फुटून धातूचे तुकडे प्रवाशांना लागले, आणि 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

आता जबाबदार कोण ते ठरवा. रचनेतील, निर्मितीतील किंवा इशारा देण्यातील दोषासाठी वाहन उत्पादक व सुटा भाग बनवणारी कंपनी, बनावट एअरबॅग बसवली असल्यास गॅरेज, आणि निष्काळजीपणाने धडक देणारा चालक, असे एकाहून अधिक पक्ष असू शकतात. बेल्ट न लावल्यास भरपाई अनेक ठिकाणी कमी होते. एअरबॅग उघडलीच नाही, तर तोही दोष असेलच असे नाही. कमी तीव्रतेच्या किंवा मागून बसलेल्या धडकेत ती उघडणे अपेक्षित नसते.

दाव्याची मुदत कायद्याने ठरलेली असते, म्हणून वकिलांना लवकर भेटा, आणि त्याआधी ‘पूर्ण व अंतिम’ तडजोडीच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.